राहिलेली पाठवणी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

आलो एकदाचे स्वतःच्या घरात. ‘स्वतःच्या’ हा शब्द लिहून मी पेन खाली ठेवलं, चहा करून आणला आणि परत वाचला. छान दिसतो.

टेम्पो नऊला येणार होता तो साडेअकराला आला. लिफ्ट बंद, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि फ्रिज उचलायला दोन किडकिडीत मजूर. पुष्करने त्यांना ‘आराम से भैया, आराम से’ इतक्या वेळा सांगितलं की शेवटी त्यातल्या एकाने त्यालाच खुर्ची देऊन बसवलं. तनया रिकाम्या हॉलमध्ये सायकल चालवत होती. सात वर्षांची झाली, पण घरात सायकल चालवण्याची तिची ही पहिलीच वेळ. भाड्याच्या घरी खालचे लोक तक्रार करायचे. नोएडातले हे खालचेही करतील, पण इथे मी ऐकून घेणार नाही.

ही रोजनिशी बाबांनी दिली. बाबा चाळीस वर्षं सरकारी नोकरीत होते आणि तितकीच वर्षं रोजनिशी लिहीत आलेत. त्यांचा नियम एकच: घडलं की लगेच, असाल तिथे लिहायचं, उशीर केला की माणूस आपल्या सोयीचं लिहितो. माझं सगळं लहानपण दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. बाबा निवृत्त झाले तेव्हा एक कारकून आला, त्याने पंखे मोजले, नळ मोजले आणि किल्ली घेतली. आईने लावलेली जुई तिथेच राहिली. मी एकोणीस वर्षांची होते. ज्याची किल्ली कोणी परत मागणार नाही असं घर मला तेव्हापासून हवं होतं.

बाबा जरा नाराज आहेत. चातुर्मासात कसला गृहप्रवेश, म्हणाले. पण भाडं आणि हप्ता दोन्ही भरणं परवडेना, म्हणून दूध उतू घातलं आणि राहायला आलो. वास्तुशांत दिवाळीनंतर करू.

घर स्वस्तात मिळालं, कारण ते लिलावातलं आहे. मी घरकर्ज देणाऱ्या कंपनीत पंधरा वर्षं आहे. जप्त केलेल्या घरांची यादी माझ्या टेबलावरून जाते. कर्मचाऱ्यांनी बोली लावायची नसते, म्हणून कागदोपत्री पुष्कर. त्याच्या वडिलांनी साताऱ्याकडची जमीन विकून निम्मे पैसे दिले. आधी इथे कोण राहायचं, असं त्याने आज विचारलं. असेल कोणीतरी, असं मी म्हटलं आणि चादरी शोधायला गेले.

७ ऑगस्ट, गुरुवार

महिनाभराची रजा साठवली होती ती घेतली आहे. पुष्कर सकाळी आठला ऑफिसला जातो, तनया दीडला शाळेतून येते, मधला वेळ माझा आणि खोक्यांचा. दुपारी साडेतीनला बाल्कनीतून ऊन आत येतं आणि हॉलच्या तिसऱ्या लादीपर्यंत पोचतं. त्या उन्हात पाय टाकून बसण्यासारखं सुख नाही. समोर एक अर्धवट टॉवर आहे, बावीस मजले नुसते खांब आणि स्लॅब. काम कधीच बंद पडलंय, गजांना गंज चढलाय. तिकडे मी फारसं बघत नाही.

आज माळा साफ केला. मागे एक खोका होता. वर आमच्याच कंपनीची चिठ्ठी, जप्तीच्या वेळी सामानाची यादी करून चिकटवतात ती: पितळी मूर्ती, नग दोन. उघडून पाहिलं तर मूर्ती नव्हेत, गौरींचे मुखवटे. एकीच्या नाकात नथ तशीच. दोघींच्या गालांवर हळद वाळून तडकलेली. म्हणजे बसवलेल्या गौरी कोणीतरी तशाच उचलून खोक्यात टाकल्या होत्या. मी खोका बंद करून परत वर ठेवला.

एक गंमत. तनयाचं मराठी म्हणजे दिल्लीचं मराठी. ‘आई, मेरा टिफिन शेल्फवर रख दे ना’ या थाटातलं. आज मी तिची रंगपेटी शोधत होते तर ती सहज म्हणाली की फडताळात आहे. हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नाही. साताऱ्याच्या सासूबाईसुद्धा कपाट म्हणतात. कुठे शिकलीस विचारलं तर म्हणाली, आजीने सांगितलं. शाळेतल्या कुणाची तरी आजी असेल. बाबांना फोन करून सांगितलं, ते खूश झाले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

लगेच लिहायचा नियम आहे म्हणून लिहिते, नाहीतर हसू येईल असंच आहे.

दुपारी ऊन तिसऱ्या लादीवर आलं आणि घरात शेपूच्या भाजीचा वास सुटला. मी शेपू आणलेला नाही. शेजारून येत असेल म्हणून दार उघडायला गेले तर उंबऱ्यापासून आत ओली पावलं. बाईची, अनवाणी. पाणी नव्हतं, पांढुरकं काहीतरी होतं, चिकट. हुंगून पाहिलं. दूधपाणी.

पावलं हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून आतल्या खोलीत, तिथून बाल्कनीपर्यंत गेलेली. सगळीकडे दाराशी दोन्ही पावलं जुळवलेली, कुणी थांबून खोली पाहिल्यासारखी. परतीची नव्हती. मी फडकं घेऊन पुसली. तनया झोपली होती, तिचे पाय कोरडे होते. चार वाजता परत उमटली, परत पुसली.

पुसताना एक लक्षात आलं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं. माझं आहे तसंच. मी त्या ठशावर पाय ठेवून पाहिला आणि तो बरोबर बसला.

१७ ऑगस्ट, रविवार

पावलं रोज येतात, साडेतीनला. पुष्कर घरी असला तरी येतात आणि त्याला दिसत नाहीत. आज त्याच्या समोर मी लादी पुसत होते. इतकी स्वच्छता करू नकोस, आजारी पडशील, असं त्याचं म्हणणं.

बाबांचा नियम मी मोडला आहे. सोयीचं लिहीत आले. आता खरं लिहिते.

हे घर मी आधी पाहिलं होतं. सात वर्षांपूर्वी एका शनिवारी, दुपारी साडेतीनला, हातात फाईल घेऊन मी याच दारात उभी होते. इथे मुरलीधर आठल्ये आणि कुमुदिनीकाकू राहायचे. काका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले, काकू डबे करायच्या. मूलबाळ नाही. घर पूर्ण फेडलेलं. काकांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी घरावर सहा लाख हवे होते. कर्ज मागणाऱ्याच्या घरी जाऊन बोलायचं आणि घर बघून यायचं, हे माझं काम.

मी मराठीत बोलले आणि काकूंचा चेहरा उजळला. त्या दिवशी गौरी यायच्या होत्या आणि गौरी आणायला येणारी शेजारीण ऐनवेळी गावाला गेली होती. काकूंनी मला दारातच थांबवलं, पायांवर दूधपाणी घातलं आणि मुखवट्यांचं ताट माझ्या हातात दिलं. आमची गौरी आपल्या पायांनी आली, म्हणाल्या. मग मला घरभर फिरवलं. मागून थाळी वाजवत त्या विचारत, गौरी आली, कशाच्या पावलांनी आली? मी म्हणे, सोन्याच्या पावलांनी. प्रत्येक खोली त्या दाखवत होत्या, हे स्वयंपाकघर, असंच भरलेलं ठेव बाई. आणि मी तोंडाने सोन्याच्या पावलांनी म्हणत मनात मापं घेत होते. स्वयंपाकघर आठ बाय नऊ. बाल्कनी पश्चिमेची. किंमत चांगली येईल.

तिमाही संपत आली होती आणि माझं टार्गेट अर्धं बाकी होतं. सहाचे मी पंचवीस केले. उरलेल्यात समोरच्या टॉवरमध्ये फ्लॅट घ्या, दोन वर्षांत भाडं सुरू होईल, भाड्यातून हप्ता जाईल, हे मीच समजावलं. पहिली दोन वर्षं हप्ता हलका आणि मग जवळजवळ दुप्पट, हेही सांगितलं, पण भरभर सांगितलं. काकूंचे डबे बारा होते. मी चाळीस लिहिले. सह्यांच्या जागी मी पेन्सिलीने फुल्या करून नेल्या होत्या. काका चष्मा शोधायला उठले तेव्हा काकूंनी त्यांना बसवलं. आपली मुलगी आहे, वाचायचं काय त्यात, म्हणाल्या. मग मला शेपूची भाजी आणि भाकरी वाढली.

टॉवर झाला नाही. गेल्या वर्षी जप्तीच्या यादीत आठल्यांचं नाव दिसलं आणि मला वाईट वाटलं. यंदा तेच घर लिलावाच्या यादीत आलं, तेव्हाही वाईट वाटलं. पंधरा मिनिटांनी मी पुष्करला फोन केला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

अजून एक राहिलं आहे. लिहून टाकते.

गेल्या वर्षी अकरा सप्टेंबरला, ताबा घ्यायला आमची माणसं इथे आली तेव्हा काकूंनी मला फोन केला. आरडाओरडा नाही, रडणं नाही. त्या म्हणाल्या, रुचिरा, आज गौरी जेवताहेत गं, पुरणाचं ताट वाढलंय. उद्या पाठवणी. एकच दिवस दे, परवा आम्हीच किल्ली आणून देतो. मी म्हटलं, बघते काकू, करते काहीतरी. मग मी मीटिंगमध्ये गेले. एका माणसाला एक फोन करायचा होता. तो मी केला नाही. विसरले असं लिहिणार होते, पण विसरले नव्हते. माझं नाव त्या फाईलवर होतं आणि ती फाईल कोणी पुन्हा उघडलेली मला नको होती.

तनया आज जेवताना म्हणाली की आजी म्हणते, उंबऱ्यावर बसू नये, घरची लेक बाहेर बघत बसली की रडू येतं. कुठली आजी, मी विचारलं. तिने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं आणि वरणभात खात राहिली.

२४ ऑगस्ट, रविवार

पहाडगंजला जाऊन आले. तिथल्या मराठी शाळेत मी शिकले, तिथल्या एका बाईंकडून आठल्येकाकांचा पत्ता मिळाला. शाळेमागच्या गल्लीत, घाऊक दुकानाच्या वरची एक खोली. काका खाली आलेला माल मोजून घेतात. मुखवट्यांचा खोका मी बरोबर नेला होता.

शिव्या खायची तयारी करून गेले होते. त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि चहा मागवला. काकू गेल्या, गेल्या वर्षी दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी. काही आजार नव्हता, जेवण सुटलं होतं, असं काका म्हणाले. एकच घोकत होत्या. माहेरवाशिणीला भरल्या ताटावरून उठवलं, पाठवणी केली नाही, आता ती तिथेच अडकली असेल. आणि मधूनच काकांना धीर द्यायच्या की रुचिरा करेल काहीतरी, ती आपली आहे.

ते घर आता माझं आहे, हे मी सांगितलं. डब्यांचंही सांगितलं, बाराचे चाळीस. काकांनी विचारलं की ऊन अजून तिसऱ्या लादीपर्यंत येतं का. मला तिथेच रडू फुटलं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

खोका घेतला नाही. भाड्याच्या खोलीत गौरी कुठे उभ्या करू, म्हणाले. काकूंच्या घरची रीत अशी, की जिने आणली तिनेच, त्याच घरातून पाठवायची. यंदा दोन सप्टेंबरला पाठवणी आहे. एवढं कर म्हणाले. मला माफ केलं का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पुष्करला सगळं सांगायचं ठरवलं होतं. संध्याकाळी तो भिंतीत खिळे मारत होता, बाबांनी दिलेलं घड्याळ लावायला. इतका खूश होता. नाही सांगितलं.

दुपारी स्वयंपाकघरात पोळपाटाचा आवाज येतो. मी जाऊन उभी राहते. कोणी नसतं. ओटा गरम असतो.

तनया माझ्याशी हिंदी बोलेनाशी झाली आहे. चुलाणं म्हणते, शिंकाळं म्हणते, उतरंड म्हणते. मला अर्थ विचारावे लागतात.

३१ ऑगस्ट, रविवार

आज गौरी यायच्या. मी आणायच्या नाहीत असं ठरवलं होतं, फक्त परवा पाठवायच्या.

साडेतीनला मुखवटे हॉलमध्ये होते. खोका माळ्यावर, बंद. दोघी तिसऱ्या लादीवर, उन्हात. हळद ओली.

माझे पाय ओले होते. मी धुतले नव्हते. खाली पाहिलं तर दूधपाणी बोटांतून ओघळत होतं. कोणीतरी हळूच, मायेने, टाचा चोळून धुतल्या होत्या —

पुष्कर टीव्ही बघत होता.

१ सप्टेंबर, सोमवार

ताट वाढलेलं. पुरणाची पोळी, सोळा भाज्या, कोशिंबीर. पाट माझ्यासाठी. रांगोळी पाटाभोवती, मुखवट्यांपुढे नाही.

मी जेवले. काय करू. इतक्या प्रेमाने कोणी मला आई गेल्यापासून वाढलं नव्हतं. काकू रागावलेल्या नाहीत, हेच सहन होत नाही. त्यांनी ओरडावं, ताट उपडं करावं. त्या नुसत्या वाढतात. तूप हवं का, असं तनया मधून मधून विचारत होती, त्यांच्या वतीने.

मी म्हटलं, काकू, मी गौरी नाही. मी डबे चाळीस लिहिले.

पोळीवर तुपाची धार पडली.

२ सप्टेंबर, मंगळवार

साडेतीन. पुष्कर ऑफिसला. दहीभाताचा नैवेद्य दाखवला. मुखवट्यांचं ताट उचललं. वही काखेत आहे. असाल तिथे लिहायचं.

तनया मागे थाळी वाजवतेय. कोणी शिकवलं नाही तिला.

स्वयंपाकघर. तनया विचारते, गौरी चालली, काय घेऊन चालली? दहीभात घेऊन, असं म्हणायचं होतं. तोंडातून आलं, चूल घेऊन.

आतली खोली. काय घेऊन चालली? झोप घेऊन — मी नाही बोलत हे —

बाल्कनी. समोर टॉवर. काय घेऊन? ऊन घेऊन. मागे पाहिलं तर तिसरी लादी काळी. ऊन कुठेच नाही.

हॉल. तिने विचारलं नाही. मीच म्हटलं. विश्वास घेऊन.

उंबरा ओलांडला. काकू, झाली पाठवणी. तनयाला हात पुढे केला —

दार लागलं. आपटलं नाही. हळूच लागलं.

जिन्यात बसून लिहितेय. ताटात मुखवटे नाहीत. ताट रिकामं. किल्ली आत. आत थाळी वाजतेच आहे. तनया, दार उघड. तनया —

हाका मारल्या. शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं, माझ्या आरपार, आणि लावून घेतलं.

मी दाराला तोंड लावून म्हटलं, माझी मुलगी आत आहे. घर घ्या, सगळं घ्या, मी निघून जाते. एकच दिवस द्या.

आतून माझा आवाज आला. माझाच, ऑफिसातला. बघते, म्हणाला. करते काहीतरी.

थाळी थांबली. तनया विचारतेय, आई, बाहेर कोण रडतंय — आणि आतली मी तिला सांगतेय, कोणी ना —